कोरडं ताट

आईने पर्समधून चमचा काढला आणि धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं.

साधा स्टीलचा चमचा, रुमालात गुंडाळलेला. पुण्यातल्या त्या कॉलेजच्या मेसमध्ये सहा काउंटर होते. काचेमागे पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी उभे होते आणि भिंतीवरच्या पाटीवर आठवड्याचा मेनू झळकत होता, बुधवारी पास्ता, शुक्रवारी बिर्याणी. आमच्यासारखे पंधरा-वीस पालक आपापली मुलं घेऊन कॉलेज बघायला आले होते. त्यांना फिरवणारा तिसऱ्या वर्षाचा मुलगा जिम कुठे आहे, स्विमिंग पूल कुठे आहे ते हात लांब करकरून दाखवत होता. आणि माझी आई काउंटरला टेकून म्हणत होती, "जरा वरण द्या हो. अर्धा चमचा."

"कूपन लागेल मॅडम."

"जेवायचं नाहीये मला. चव बघायचीय."

आई बार्शीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. शाळेतल्या दुपारच्या खिचडीचं काम अकरा वर्षं तिच्याकडे होतं. मुलांना वाढायच्या आधी बाईंनी चाखायची आणि वहीत लिहायचं, असा तिथला नियम. किती मुलं आली, किती जेवली, कोण जेवलं नाही, का जेवलं नाही, सगळं त्या वहीत. एकशे चाळीस पोरांतलं एखादं उपाशी झाडाखाली बसलं असलं तर आईला ते पाठमोरी असताना कळायचं. हा चमचा त्या कामाचा. तो घेऊन ती अख्ख्या महाराष्ट्राची तपासणी करायला निघाल्यासारखी निघाली होती.

तिने वरण चाखलं, मान हलवली. वरण बरं असावं. मग तिने मेसच्या मॅनेजरला गाठलं.

"एखादा मुलगा जेवायला आला नाही, तर?"

"कार्ड स्वाइप होतं मॅडम. नाही आला तर स्वाइप होत नाही."

"तीन दिवस नाही आला तर कोणाला कळतं?"

"सिस्टममध्ये सगळं असतं ना."

"सिस्टम बघतं कोण?"

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही मदत करीन. मी मेनूची पाटी वाचायला लागले. "मॅडम, अडीच हजार मुलं जेवतात इथे," तो म्हणाला. "मोठी झालेली मुलं आहेत. कुणी बाहेर खातं, कुणी गावी जातं. आपण कुणाकुणाचं बघणार?"

"मी एकशे चाळीस बघते," आई म्हणाली आणि चमचा रुमालाला पुसून पर्समध्ये ठेवला.

ते कॉलेज आम्ही पहिल्यांदा बघत नव्हतो. माझा दादा मकरंद तिथेच होता. दीड वर्ष तो त्या हॉस्टेलमध्ये राहिला आणि त्यातले शेवटचे नऊ दिवस तो या मेसमध्ये उतरलाच नाही. त्या काळात तो खोलीबाहेरही पडला नव्हता. दहाव्या दिवशी वासावरून कुणीतरी वॉचमनला सांगितलं, दार तोडलं, आणि आतून दादा निघाला. जिवंत निघाला, एवढंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आई त्याला जीप करून घरी घेऊन आले. त्याला दोन वर्षं झाली होती. सोलापूरच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. अण्णा दाराशी ताट ठेवायचे आणि तासाने उचलायचे. कधी अर्धं खाल्लेलं, कधी तसंच. बोलणं म्हणजे "हं." तेसुद्धा आठवड्यातून एखादं.

आणि मला त्याच कॉलेजात जायचं होतं.

आता विचार करते तेव्हा माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा मी त्यासाठी जीव टाकत होते. मार्क तेवढे पडले होते. बार्शीत माझं नावच उरलं नव्हतं, मी 'त्या मकरंदची बहीण' होते. बायका दळणाच्या रांगेत आवाज बारीक करून विचारायच्या, "कसं आहे गं आता त्याचं?" त्या कॉलेजात जाऊन चार वर्षं काढून ताठ मानेने बाहेर पडले, तर सगळ्यांची तोंडं बंद होतील असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या लोटलेल्या दारासमोरून मला आणखी एक दिवस जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरून लॉक करायचा होता. पाचनंतर काही नाही, वर्ष वाया. आईने अट घातली होती. तिन्ही कॉलेजं ती स्वतः बघणार, तिथलं हॉस्टेल बघणार, जेवण चाखणार, आणि मगच पहिला नंबर कुणाला द्यायचा ते ठरणार.

हॉस्टेलकडे जाताना आई एका इमारतीपाशी थांबली. दुसऱ्या मजल्यावरच्या दादाच्या जुन्या खोलीच्या खिडकीत निळा टॉवेल वाळत होता.

"चल ना आई," मी म्हटलं. "सगळे पुढे गेले."

"हो," ती म्हणाली, पण बराच वेळ हलली नाही.

---

दुसरं कॉलेज साताऱ्याच्या रस्त्यावर होतं, नवंकोरं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही तिथे. रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला थंड पाणी दिलं आणि 'सॅम्पल रूम' दाखवली. एसी, दोनच कॉट, आरसा, टेबलावर परडीत सफरचंदं. मी एक हळूच दाबून बघितलं. प्लास्टिकचं होतं. खाली फूड कोर्ट होतं, डोसा वेगळा, चायनीज वेगळं.

"कोण जेवलं, कोण नाही, ते तुमच्याकडे कोण बघतं?" आईने विचारलं.

"आमचं ॲप आहे मॅडम. पॅरेंट्सना लगेच नोटिफिकेशन जातं."

आईचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "मुलगी जेवली नाही की येतं?"

"नाही, फी राहिली की येतं."

एसटीत बसल्यावर आई त्यावर हसली. मीही हसले. दोन दिवसांत आम्ही दोघी एकत्र हसलो ते तेवढंच.

---

तिसरं कॉलेज साताऱ्याच्या पुढे, एका तालुक्याच्या गावाबाहेर. सरकारी, जुनं, दगडी. पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आधी मुलींचं हॉस्टेल बघितलं. एका खोलीत पाच लोखंडी कॉट. न्हाणीघरात नळाला फडकं बांधलेलं. जिन्याचे कठडे गंजलेले. खिडकीबाहेर उसाचं रान आणि त्यापलीकडे काहीच नाही. जिम म्हणून एका खोलीत कॅरमबोर्ड.

"आई, मी इथे मरेन," मी म्हटलं. आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नसे. माझ्या तोंडून ते गेलं आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

मेस म्हणजे पत्र्याची लांब खोली. मुलीच ती चालवत, आणि स्वयंपाकाला यमुनामावशी नावाची बाई होती. साठीची, ठेंगणी, नऊवारीचा काचा मारलेला, कपाळावर घाम. आईने चमचा काढला, तर त्या बाईने विचारलंसुद्धा नाही, पळी आमटीत बुडवली आणि पुढे केली.

आईला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखाट हाय व्हय?" मावशी म्हणाली. "पोरींना असंच लागतंय. पाणी प्या."

आईच्या वहीत एवढ्या तिखटाला नक्की शेरा बसला असता. पण आई आमटीकडे बघतच नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे लाकडी मांडणीत ताटं उभी लावलेली होती. शंभरेक. प्रत्येक ताटाच्या काठावर नाव कोरलेलं. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं.

"ही काय पद्धत?" आईने विचारलं.

"हितं ज्याचं त्याचं ताट," मावशी म्हणाली. "पोरगी आली की ताट घेऊन येती, जाताना घेऊन जाती. जेवायचं, घासायचं, मांडणीत लावायचं. माझ्या सासूपासनं असंच हाय."

"आणि कुणी जेवायला आलं नाही तर?"

मी डोळे मिटले. पुन्हा तेच.

"आलं न्हाई तर ताट कोरडं ऱ्हातंय की," मावशी म्हणाली. जसं काही यात विचारण्यासारखं काय आहे. "समद्या जेवून गेल्या की मी मांडणीवर हात फिरवते. ओली ताटं जेवल्याली. कोरडं लागलं की नाव वाचायचं. वाचायला तेवढं येतंय मला. एक येळ कोरडं असंल तर म्हणायचं, गेली असंल कुठं. दुसऱ्या येळंला कोरडं लागलं की ताट वाढून घ्यायचं आन् वर जायचं."

"वर? खोलीत?"

"मग? ती खाली यीना म्हणल्यावर कुणीतरी वर जायाला नगो?"

आई मांडणीपाशी गेली. तिने एका ताटावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. तिची पाठ माझ्याकडे होती. मी तिला हाक मारणार होते, पण मावशीने मला हातानेच थांबवलं आणि माझ्यापुढे भाकरी सरकवली.

---

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. आत दोन कॉम्प्युटर. दुकानदार पवार म्हणून होता, पस्तिशीचा, कानावर पेन्सिल. आम्ही आत शिरलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. तासभर आमच्यापुढे दुसरी मुलं होती. माझा नंबर लागला तेव्हा सव्वाचार.

तो एक तास आम्ही बाकड्यावर बसून भांडलो. आवाज न चढवता, समोर बघत.

"हे पहिलं टाकायचं," आई म्हणाली.

"त्या ताटांसाठी? आई, तिथे नळ नाही धड. प्लेसमेंट नाही. मला एवढे मार्क कशाला पडले मग?"

"तिकडे तुला पाठवायची नाही मी."

"मी दादा नाहीये!"

बाकड्यावरची दोन मुलं आमच्याकडे बघायला लागली. मला थांबता आलं नाही. "मला त्या घरातून बाहेर पडायचंय आई. कळतंय का तुला? मला श्वास घेता येत नाही तिथे. तू सगळीकडे त्याचंच विचारत फिरतेस. माझं कुणी विचारतंय का?"

आई बराच वेळ पर्सच्या बंदाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "टाक तुला हवं ते."

तिचा आवाज एवढा दमलेला होता की मला जिंकल्याचा आनंदही झाला नाही. पण मी टाकलं. एक नंबरला दादाचं कॉलेज, दोनला हे, तीनला ते सफरचंदवालं. 'लॉक करा' वर बोट ठेवलं.

"आता मोबाइलवर कोड यील," पवार म्हणाला. "सहा आकडी. तो टाकला की झालं. दहा मिनिटं चालतो. नंबर कुठला दिलाय?"

पडद्यावर नंबराचे शेवटचे तीन आकडे होते. तीनशे सतरा. मी आईकडे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तो दादाचा नंबर होता. गेली दोन वर्षं आई त्या नंबरावर दर महिन्याला छोटं रिचार्ज मारत होती. नंबर बंद पडू नये म्हणून. त्याचे मित्र कधीतरी फोन करतील आणि लागला नाही तर, म्हणून. एकाचाही आला नव्हता. आणि माझा प्रवेशाचा फॉर्म भरताना तिने हाच नंबर दिला होता, कुणाचा तरी मेसेज त्या फोनवर यावा एवढ्याचसाठी. परीक्षेचे मेसेज त्यावरच यायचे. अण्णा मागच्या खोलीत जाऊन फोन चार्जिंगला लावायचे आणि मेसेज कागदावर उतरवून आणायचे. त्यामुळे आजवर अडलं नव्हतं.

"अण्णांना लाव," मी म्हटलं.

अण्णा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. चार ते आठ वाचनालय उघडं. त्या वेळात त्यांचा फोन खणात, आवाज बंद करून. इतरांना नियम सांगायचा तर आधी आपण पाळायचा, असा त्यांचा खाक्या. आईने चार वेळा लावला. शेजारच्या जोगळेकरकाकूंना लावला. त्या कीर्तनाला गेल्या होत्या.

साडेचार.

"घरात दुसरं कुणी न्हाई का?" पवारने विचारलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. घरात कोण आहे हे परक्या माणसाला कसं सांगायचं?

आईने दादाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. मला ती मागची खोली दिसत होती, टेबलावर थरथरणारा फोन, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेला दादा. दोन वर्षांत त्याने एकही फोन उचलला नव्हता.

"कुणी उचलत न्हाई व्हय," पवार पुटपुटला. "पहिला कोड आता संपला असंल. दुसरा मागवू?"

"मागवा," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. "तू लाव. तुझं ऐकेल."

"नाही उचलणार तो."

"लाव तर खरं."

"नाही उचलणार, आई." मी फोन तसाच धरून म्हटलं. "मी त्याचा कट केला होता ना."

आई माझ्याकडे बघायला लागली.

मी ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज दोन दिवस आई प्रत्येक मेसमध्ये विचारत होती, कुणाला कळतं, कुणाला कळतं, आणि प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघत होते. मी त्या झेरॉक्सच्या दुकानात, शाईच्या वासात, सगळ्यांदेखत सांगितलं. "त्याने मला केला होता फोन. तिसऱ्या दिवशी. मी क्लासला होते, मी कट केला. परत केला. मग उचलला. म्हणाला, शलू, मी तीन दिवस झाले खाली नाही गेलो, मला जिना उतरता येत नाहीये. आईला सांगू नको. नुसती बोल माझ्याशी, फोन ठेवू नको. मी म्हटलं, दादा, उद्या केमिस्ट्रीची टेस्ट आहे. रविवारी करते. आणि ठेवला." मी हातातल्या फोनकडे बघत होते. "रविवारी मी विसरले, आई. मला कळलं होतं. तू सगळ्यांना विचारतेस ना? मला कळलं होतं."

पवारने कानावरची पेन्सिल काढली आणि उगाच कागद नीट लावायला लागला.

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती रडली असती तरी चाललं असतं. तिने माझ्या हातातला फोन घेतला, तोच नंबर पुन्हा लावला आणि माझ्या कानाला लावून धरला.

"नाही उचलला तर परत लाव," ती म्हणाली. "परत नाही उचलला, परत लाव."

पाचव्यांदा नाही. सहाव्यांदा नाही. पावणेपाच झाले, पवारने तिसरा कोड मागवला. सातव्यांदा रिंग वाजता वाजता थांबली.

फोन बंद झाला असं मला वाटलं. मग पलीकडून पंख्याचा आवाज ऐकू आला. आमच्या मागच्या खोलीतला पंखा खटखट वाजतो.

"दादा?"

काही नाही. श्वास.

"दादा, मी शलू. तुझ्या फोनवर मेसेज आलाय. सहा आकडी नंबर आहे. शेवटचा मेसेज बघ. तेवढा वाच ना रे. नुसते आकडे."

पुष्कळ वेळ गेला. पवार घड्याळाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते. मग दादाचा आवाज आला. वापरात नसलेला, घोगरा.

"चार."

"हं, चार."

"शून्य. शून्य. नऊ."

पवारने आकडे टाकले. पाचवा आलाच नाही.

"दादा, पुढचा?"

"कुठलं टाकलंस?" त्याने विचारलं. "पहिलं."

खोटं बोलावं असं मनात आलं. "तुझं," मी म्हटलं.

पंखा वाजत राहिला. आई माझ्या एवढी जवळ वाकली होती की तिला सगळं ऐकू येत असावं.

"आज कुठे आहात?"

"एक सरकारी कॉलेज आहे, साताऱ्याच्या पुढे. घाणेरडं आहे. नळाला फडकं बांधलंय. आमटी एवढी तिखट की आईला ठसका लागला." मी काय बोलत होते मला कळत नव्हतं, पण थांबायची भीती वाटत होती. "इथे ताटावर नाव घालतात. प्रत्येकाचं आपलं ताट. जेवलं नाही की ते कोरडं राहतं. मग मेसवाली बाई ते वाढून घेऊन येते."

"कुठे येते?"

"वर. खोलीत."

"वर येते?"

"हो."

"जिना चढून?"

"हो दादा. जिना चढून."

त्याच्या श्वासाचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखला. लहानपणी तो रडायचा तेव्हा असाच, आवाज न करता रडायचा.

मी पवारला म्हटलं, "मागे जा. ते दोन नंबरचं एक करा."

"ताई, दहा मिनिटं ऱ्हायलीत. कोड परत मागवायला लागंल."

"करा." मग फोनमध्ये म्हटलं, "दादा, मी बदलतेय. परत नंबर येईल तुझ्याकडे. तो परत वाचावा लागेल. थांबशील?"

"थांबतो," दादा म्हणाला. "तू फोन ठेवू नको."

मी नाही ठेवला. पवारने क्रम बदलला, सर्व्हर दोनदा अडकला. पाच मिनिटं मी फोनवर काहीबाही बोलत राहिले, उसाचं रान, प्लास्टिकची सफरचंदं, फी राहिली की येणारं नोटिफिकेशन. मेसेज आला तेव्हा दादाने सहाच्या सहा आकडे न थांबता वाचले. पाचला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी पट्टी आली.

---

बसला अवकाश होता. आई मला गावातल्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. तिने दोन ताटं निवडली, बोटाने वाजवून, काठ चाचपून.

"एकच लागतं आई."

"दोन घे."

दुकानदाराने नाव कोरायचं मशीन लावलं. ते कर्कश वाजायला लागलं, आणि त्या आवाजात आई माझ्याकडे न बघता बोलली. मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

"मला म्हणाला होता तो. त्याच्या आधीच्या आठवड्यात. आई, जेवण जात नाही गं. मी म्हटलं, घरचे लाड आठवत असतील, नाक दाबून खा." मशीन थांबलं. तिने ते पुन्हा सुरू होईपर्यंत वाट बघितली. "एकशे चाळीस मुलांचं लिहीत होते मी रोज. कोण जेवलं नाही. का जेवलं नाही."

मी तिचा हात धरला. चमचा धरायचा तो हात. दुकानदाराने विचारलं, "दुसऱ्यावर कुठलं नाव घालू?" मीच सांगितलं. "मकरंद."

याला आता दहा वर्षं झाली. त्या कॉलेजात मी चार वर्षं काढली. पहिल्याच हिवाळ्यात तापाने फणफणले, तेव्हा यमुनामावशी भाताचं ताट घेऊन गंजक्या कठड्याला धरत दोन जिने चढून आली आणि मला शिव्या देऊन भरवून गेली. आता मी नोकरीसाठी नाशिकला असते. दादा घरीच आहे. आठवीच्या तीन मुलांना गणित शिकवतो, बाहेर मात्र फारसा पडत नाही. बरा झाला असं मी कुणाला सांगत नाही. काही महिने बरे जातात, काही नाही. त्याचं ताट स्वयंपाकघरातल्या मांडणीत उभं असतं. अण्णा ते दाराशी ठेवत नाहीत आता, त्यानेच येऊन घ्यायचं आणि घासून लावायचं असं ठरलंय.

रोज संध्याकाळी मी घरी फोन करते. आई फोन उचलते, आणि कसं आहेस, काय चाललंय, यातलं काही विचारायच्या आधी सांगते, "ओलं आहे गं." एखाद्या दिवशी ती काहीच सांगत नाही. तेव्हा मी म्हणते, "दादाला दे," आणि तो फोनवर येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, फोन ठेवत नाही.